आधी आसने मोजा, मग प्रवासी : प्रादेशिक विमानतळाचे मार्ग आणि आकडे कसे अभ्यासावेत

आपल्या शहरातून मुंबईला सकाळचे विमान का नाही, दिल्लीची थेट सेवा का सुरू होत नाही, शेजारच्या विमानतळावर प्रवासी वाढत असताना आपल्याकडे ते का घटले, असे प्रश्न कोल्हापूर, बेळगाव, नाशिक, नांदेड किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्या अनेकांना पडतात. उत्तर शोधायला बसले की एका बातमीत टक्केवारी, दुसऱ्या बातमीत लाखांतला आकडा आणि तिसरीकडे नव्या सेवेची घोषणा असे तुकडे हाती येतात आणि त्यांचा परस्परांशी मेळ बसत नाही. एखाद्या व्यापारी संघटनेसाठी निवेदन तयार करणाऱ्यांना, वाहतूक नियोजनावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि या विषयात नव्याने रस घेणाऱ्यांना तो मेळ घालता यावा, यासाठी हा लेख आहे. कोल्हापूरच्या हवाई मार्गांवरील निवेदनासाठी मी हे काम केले असल्यामुळे बहुतेक उदाहरणे उजळाईवाडीच्या विमानतळाची आहेत, परंतु पद्धत कोणत्याही प्रादेशिक विमानतळाला लागू पडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. मुंबई किंवा बंगळूरसारख्या विमानतळावर प्रवाशांची संख्या मागणीविषयी बरेच काही सांगते. दिवसाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच विमाने जिथे उतरतात, तिथे मात्र ती संख्या मुख्यतः किती आसने उपलब्ध होती एवढेच सांगते. पुढची प्रत्येक पायरी या फरकावर उभी आहे.

हाताशी काय असावे

- भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे मासिक वाहतूक अहवाल. त्यांत विमानतळनिहाय विमानफेऱ्या, प्रवासी आणि मालवाहतूक यांचे स्वतंत्र तक्ते असतात. किमान तीन वर्षांचे अहवाल उतरवून घ्यावेत.
- नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, शहरजोडीनिहाय (कोणत्या दोन शहरांदरम्यान किती प्रवासी, अशी) देशांतर्गत आकडेवारी आणि विमान कंपन्यांचे मासिक भारमान, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी किती टक्के भरली त्याचे प्रमाण.
- उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रके. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होते, तर हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी.
- आपल्या मार्गांवर येणाऱ्या विमानांचे प्रकार आणि त्यांची आसनक्षमता.
- लहान शहरांना हवाई सेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत आपल्या विमानतळाला मिळालेल्या मार्गांची यादी.
- संगणकावरची एक साधी तक्तावही. याहून भारी साधनाची गरज नाही.

१. विमानतळाचे प्रभावक्षेत्र आखा

प्रवासी कोठून येणार, हे जिल्ह्याच्या सीमेवरून ठरत नाही. कोल्हापूर विमानतळाचा विचार करताना इचलकरंजी, हुपरी, कागल आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत तर धरावीच लागते, शिवाय सांगली, मिरज, निपाणी आणि साताऱ्याचा दक्षिण भागही धरावा लागतो. मात्र याच परिसरातील माणसाला इतर पर्यायही आहेत. बेळगाव रस्त्याने सुमारे ११० किलोमीटरवर आहे, पुणे सुमारे २३० किलोमीटरवर आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथून उड्डाणे सुरू झाल्यापासून गोव्याचा उत्तरेकडील विमानतळही गाडीने गाठण्याच्या टप्प्यात आला आहे.

स्पर्धा केवळ विमानतळांत नसते. कोल्हापूरहून मुंबईला रात्री निघून सकाळी पोहोचवणारी महालक्ष्मी एक्सप्रेस वर्षानुवर्षे भरून जाते आणि राष्ट्रीय महामार्गावरून रात्रभर खासगी आरामगाड्या धावत असतात. दुपारी बाराला निघणारे विमान या दोन्हींशी स्पर्धा करू शकत नाही, कारण त्यात प्रवाशाचा कामाचा दिवस मोडतो. म्हणून प्रभावक्षेत्र आखताना प्रत्येक ठिकाणापासून विमानतळापर्यंत लागणारा वेळ, पर्यायी साधन आणि त्या साधनाची पोहोचण्याची वेळ असे तीन रकाने करावेत.

२. आकडा कोणी आणि कसा मोजला, हे तपासा

नवख्या अभ्यासकाचा सर्वाधिक वेळ येथे वाया जातो. प्राधिकरणाच्या अहवालातील प्रवासीसंख्या म्हणजे त्या विमानतळावर चढलेले आणि उतरलेले प्रवासी यांची बेरीज. कोल्हापूरची व्यक्ती हैदराबादला जाऊन परत आली, तर कोल्हापूरच्या खात्यावर दोन प्रवासी नोंदले जातात आणि हैदराबादच्या खात्यावर आणखी दोन. म्हणजे विमानतळाचा वार्षिक आकडा एक लाख असेल, तर एक लाख माणसांनी प्रवास केला असा त्याचा अर्थ होत नाही.

हा फरक देशपातळीवर ठळकपणे दिसतो. डीजीसीएच्या हिशेबाने २०२३ या वर्षात देशांतर्गत विमानांनी सुमारे १५.२ कोटी प्रवासी वाहून नेले, तर २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशातील विमानतळांवरील देशांतर्गत प्रवाशांची बेरीज ३० कोटींच्या वर गेली. कालावधी थोडा वेगळा असला तरी दुपटीचे खरे कारण हेच आहे, की डीजीसीएने विमानातील माणूस एकदा मोजला आणि विमानतळांनी तो दोन्ही टोकांना मोजला. एकाच परिच्छेदात हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लेख नियमितपणे छापून येतात. त्यांच्यावर विसंबू नये.

कालावधीचाही असाच घोळ होतो. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च चालते, तर डीजीसीएचे वार्षिक आकडे बहुधा जानेवारी ते डिसेंबरचे असतात. तुमच्या तक्त्यात वर्षाऐवजी महिना हेच एकक ठेवा, म्हणजे हवी ती बेरीज नंतर करता येते.

शहरजोडीच्या तक्त्यात प्रवाशाचे अंतिम ठिकाण दिसत नाही, हे तिसरे पथ्य. कोल्हापूरहून हैदराबादला जाऊन तेथून दुसऱ्या विमानाने दिल्लीला गेलेला प्रवासी तक्त्यात कोल्हापूर–हैदराबाद आणि हैदराबाद–दिल्ली असा दोन ठिकाणी दिसतो, कोल्हापूर–दिल्ली असा कोठेच दिसत नाही. ‘दिल्लीसाठी मागणीच नाही’ असा निष्कर्ष या तक्त्यावरून काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

विमानफेऱ्यांचा तक्ता वाचताना एक विमान उतरणे आणि तेच विमान उडणे या दोन हालचाली धराव्यात. जिथे वैमानिक प्रशिक्षणाची विमाने उडतात, उदाहरणार्थ गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर, तिथे हालचालींच्या संख्येवरून प्रवासी वाहतुकीचा अंदाज बांधू नये.

३. आसने मोजा

आता मुख्य काम. प्रत्येक महिन्यासाठी प्रत्येक मार्गावर प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या (येणे आणि जाणे वेगवेगळे मोजून) लिहा आणि त्यांना विमानाच्या आसनसंख्येने गुणा. इंडिगोच्या एटीआर विमानात ७८ आसने असतात, अलायन्स एअरच्या एटीआर ७२मध्ये साधारण ७०, स्टार एअरच्या एम्ब्रेअर १४५मध्ये ५०, तर त्याच कंपनीच्या एम्ब्रेअर १७५मध्ये ७६. एकाच मार्गावर विमान बदलले, तर फेऱ्यांची संख्या तेवढीच राहूनही आसने दीडपट होऊ शकतात, हे या आकड्यांवरून लक्षात येईल. प्रवासी वाढल्याची बातमी अनेकदा या बदलाची असते.

समजा, एका मार्गावर रोज एक एटीआर येते आणि परत जाते. तीस दिवसांच्या महिन्यात साठ हालचाली होतात आणि ७८ आसनांच्या हिशेबाने ४,६८० आसने उपलब्ध होतात. त्या महिन्यात ३,५०० प्रवासी नोंदले गेले, तर भारमान सुमारे ७५ टक्के येते आणि विमाने चतुर्थांश रिकामी जातात असे वाटते. परंतु पाच दिवस सेवा रद्द झाली असेल, तर हालचाली पन्नासच झाल्या, आसने ३,९०० उरली आणि भारमान ९० टक्क्यांच्या जवळ गेले. उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातून निघणारे दोन निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या हिशेबाने कंपनी सेवा कमी करण्याचा विचार करील, तर दुसऱ्या हिशेबाने दुसरी फेरी मागता येईल.

म्हणून वेळापत्रकातील फेऱ्या आणि प्रत्यक्षातील फेऱ्या यांचे रकाने वेगळे ठेवणे बंधनकारक समजावे. वेळापत्रकात आठवड्याचे सात दिवस लिहिलेले असले तरी पावसाळ्यात त्यातील किती दिवस विमान उतरले, हे प्राधिकरणाच्या हालचालींच्या तक्त्यावरूनच कळते. एकाच विमानतळावर अनेक मार्ग असतील तर हालचालींची विभागणी करणे अवघड जाते. अशा वेळी शहरजोडीचे प्रवासी, वेळापत्रक आणि एकूण हालचाली यांचा तिहेरी मेळ घालावा आणि जिथे अंदाज केला आहे तिथे तसे स्पष्ट लिहावे.

आणखी एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. प्रत्येक आसन विकण्याजोगे असतेच असे नाही. धावपट्टी आखूड, हवा तापलेली आणि विमानतळ उंचावर असेल, तर विमानाला पूर्ण भार घेऊन उडता येत नाही आणि कंपनीला काही आसने रिकामी ठेवावी लागतात.

४. धावपट्टी आणि हवामान यांची नोंद करा

कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी १,३७० मीटरची होती आणि विस्तारानंतर ती १,९३० मीटरची झाली. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. या मर्यादेत एटीआर आणि लहान एम्ब्रेअर जातीची विमाने चालतात. १८० किंवा त्याहून अधिक आसनांची एअरबस ३२० पूर्ण भाराने नियमित चालवण्यासाठी याहून लांब धावपट्टी लागते. बेळगावची धावपट्टी २,३०० मीटरची आहे, शिर्डीची २,५०० मीटरची आणि नाशिकजवळच्या ओझरची सुमारे ३,००० मीटरची. तेव्हा कोल्हापूरच्या प्रवासीसंख्येची शिर्डीशी तुलना करून कोल्हापूरकरांना विमानप्रवासाची आवड नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी मीटर मोजावेत.

अर्थात धावपट्टी लांब असली की वाहतूक आपोआप येते असेही नाही. ओझरची धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे. ती लांब असूनही प्रवासी सेवा कित्येक वर्षे तुटक राहिली.

हवामानाची नोंद महिन्यागणिक ठेवावी. उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नसलेल्या विमानतळावर वैमानिकाला साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसणे आवश्यक असते, आणि घाटमाथ्यालगतच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते रोज शक्य नसते. शिर्डीत २०१९च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे उड्डाणे कित्येक दिवस बंद राहिली होती. त्या महिन्याशी कोणत्याही पुढच्या नोव्हेंबरची तुलना केली, तर वाढ डोळे दिपवणारी दिसेल आणि तिला काहीही अर्थ नसेल. हीच गोष्ट २०२०-२१ या वर्षाची आहे. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत विमानसेवा पूर्ण बंद होती आणि नंतरही ती मर्यादित क्षमतेने चालली. त्यामुळे ते वर्ष पाया म्हणून कधीही धरू नये.

५. मार्गाचे दुसरे टोक पाहा

मार्गाला दोन टोके असतात आणि अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला असते. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळचे स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्यासाठी नेमून दिलेल्या वेळा, अतिशय दुर्मीळ होतात. मिळालेला एक स्लॉट ५० आसनांच्या विमानाला द्यावा की १८० आसनांच्या, याचे उत्तर कोणतीही कंपनी कोणत्या बाजूने देईल हे उघड आहे. लहान शहरांच्या मुंबई सेवा भर दुपारी असतात, त्यामागे हे कारण आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यामुळे या गणितात नवे स्लॉट आले आहेत आणि यापुढील निवेदनांत ‘मुंबई’ एवढेच न लिहिता कोणता विमानतळ अपेक्षित आहे हे सांगावे लागेल. दक्षिण मुंबईत काम असणाऱ्याला आणि तळोज्यात काम असणाऱ्याला एकच उत्तर चालणार नाही.

विमान रात्री कोठे मुक्कामाला असते, हेही शोधावे. एटीआर हैदराबाद किंवा बंगळूरला मुक्कामी असेल, तर ती सकाळी तेथून निघून दोन-तीन लहान शहरे करीत आपल्याकडे येणार, हे ठरलेलेच. सकाळी सातच्या विमानाची मागणी करणे म्हणजे प्रत्यक्षात विमान रात्री आपल्याकडे उभे करण्याची मागणी करणे होय. त्यासाठी रात्री उतरण्याची सोय, विमान उभे करण्याची जागा, कर्मचाऱ्यांची निवासव्यवस्था आणि तांत्रिक देखभाल या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

६. उडान योजनेची मुदत तपासा

उडान योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली आणि त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. योजनेनुसार साधारण निम्मी आसने सवलतीच्या दराने विकावी लागतात आणि त्या बदल्यात कंपनीला तूट भरून काढणारा निधी मिळतो. त्याचा मोठा वाटा केंद्राच्या निधीतून येतो, तर उरलेला राज्य सरकार देते. सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपये ही मर्यादा सुरुवातीला प्रसिद्ध झाली, पण ती सर्वच आसनांना लागू आहे असा समज अजून टिकून आहे. उरलेली आसने बाजारभावाने विकली जातात. शिवाय अशा विमानतळांवर राज्यांनी हवाई इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्क्यापर्यंत खाली आणणे अपेक्षित असते.

हा निधी तीन वर्षांसाठी असतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक मार्गासमोर सेवा सुरू झाल्याचा दिनांक लिहून त्यात तीन वर्षे मिळवावीत. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि मुंबईची सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तीन वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, थांबली. मधल्या काळात मोपा सुरू झाले होते, ही गोष्टही विसरता येत नाही. अशा मार्गाचे भवितव्य तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच तपासायला घ्यावे. सेवा बंद पडल्यावर दिलेल्या निवेदनाला फारसा अर्थ उरत नाही.

निधी प्रवासी कसे हलवतो, याचे चांगले उदाहरण बेळगावचे आहे. २०१८ मध्ये शेजारच्या हुबळीला उडानचे मार्ग मिळाले आणि स्पाइसजेटने बेळगावची विमाने हुबळीला नेली. बेळगावातील लोकांची प्रवासाची गरज त्या आठवड्यात काही कमी झाली नव्हती. आसने गेली आणि त्यांच्यामागे आकडे गेले. पुढे २०१९ मध्ये बेळगावचा योजनेत समावेश झाला, नवे मार्ग आले आणि आकडे पुन्हा चढले.

७. मार्गावर कोण प्रवास करते, ते समजून घ्या

ही माहिती तक्त्यांत मिळत नाही. ती विमानतळावर, प्रवासी एजंटांकडे आणि कारखानदारांकडे विचारून गोळा करावी लागते. कोल्हापूरमधून अलायन्स एअरने डिसेंबर २०१८ मध्ये हैदराबाद आणि बंगळूरला जोडणारी सेवा सुरू केली, तर २०१९ मध्ये इंडिगोने हैदराबाद आणि तिरुपतीची. तिरुपतीचे नाव बाहेरच्या माणसाला अनपेक्षित वाटते. परंतु बालाजीचे दर्शन घेतल्यानंतर अंबाबाईचे दर्शन घेण्याची प्रथा ज्यांना ठाऊक आहे आणि कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेसची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा मार्ग चालणार हे कळायला तक्ता लागत नाही. अहमदाबादच्या मार्गामागे व्यापार आहे. बंगळूरच्या मार्गावर माहिती तंत्रज्ञानातील नोकरदार शुक्रवारी येतात आणि रविवारी परत जातात.

प्रत्येक गटाची गरज वेगळी असते. भाविक तारीख पुढे-मागे करतो पण कुटुंबासह येतो, उद्योजक एकटा येतो पण त्याच दिवशी परतणे त्याला हवे असते. ‘प्रवासी आहेत’ एवढे म्हणण्यापेक्षा ‘या वारी, या वेळेला, या कारणासाठी एवढे प्रवासी आहेत’ असे सांगितले तर विमान कंपनीचा अधिकारी कान देतो.

८. तुलना करताना पाळायची पथ्ये

लहान पायावरील टक्केवारी टाळावी; एका फेरीच्या दोन झाल्या की वाढ शंभर टक्के होते. एकाच महिन्याची तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी, कारण मे, दिवाळी आणि लग्नसराई यांचा परिणाम मोठा असतो. दोन विमानतळांची तुलना प्रवाशांवर न करता भारमानावर करावी. घोषित सेवा तक्त्यात धरू नयेत. तिकीटविक्री सुरू होऊन विमान प्रत्यक्ष उतरल्यावरच ती ओळ भरावी. कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले, तेव्हा त्याची क्षमता आणि प्रत्यक्ष वाहतूक या दोन गोष्टी बातम्यांत सर्रास एक करून टाकल्या गेल्या. इमारतीची क्षमता म्हणजे वाहतूक नव्हे.

९. निवेदन कसे आणि कोणाकडे द्यावे

मार्ग ठरवण्याचा अधिकार विमानतळ संचालकांकडे नसतो, तो विमान कंपनीकडे असतो, आणि उडानमध्येही मार्गासाठी बोली कंपनीच लावते. म्हणून मुख्य निवेदन कंपनीच्या मार्ग-नियोजन विभागाला उद्देशून लिहावे आणि त्याच्या प्रती विमानतळ संचालक, राज्य शासनाचा संबंधित विभाग आणि स्थानिक खासदारांना द्याव्यात. प्राधिकरणाच्या विमानतळांवर खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. तिच्या बैठकीत विषय मांडला गेला तर त्याची नोंद होते.

निवेदन दोन पानांपेक्षा मोठे करू नये. पहिल्या पानावर मागणी, प्रस्तावित वार व वेळ आणि बारा महिन्यांचे भारमान, तर दुसऱ्या पानावर प्रवाशांचे गट आणि स्थानिक उद्योगांनी नियमित तिकिटे घेण्याबाबत दिलेली लेखी पत्रे यांची यादी असावी. दहा कारखान्यांची अशी पत्रे हजार सह्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, हा माझा ठाम अनुभव आहे. वेळही साधावी लागते. मार्चअखेर लागू होणाऱ्या वेळापत्रकाचे स्लॉट आधीच्या हिवाळ्याच्या तोंडाशीच मागितले जातात, त्यामुळे उन्हाळ्यासाठीचे निवेदन गणपतीच्या सुमारास आणि हिवाळ्यासाठीचे मार्चच्या सुरुवातीला कंपनीच्या हाती असावे.